बेचाळीस व्हिडिओ आणि एक डिस्क

सकाळी ऐन गर्दीत प्रयोगशाळेतलं रिपोर्टचं मशीन मुकं झालं. हे मशीन डोळ्यांना दिसणारं नव्हतं; क्लाउडवरच्या भाड्याच्या जागेत चालणारं, व्हर्च्युअल का काय म्हणतात तसलं. त्याची डिस्क काठोकाठ भरली होती. बाहेर बाकांवर रक्त देऊन बसलेली तीसेक माणसं, आणि आत सगळ्यांच्या नजरा सिस्टिमवाल्यावर.

"पाच मिनिटं द्या," तो म्हणाला, आणि तिथेच फसला.

डिस्क मोठी करायला गेला, तर सॉफ्टवेअर म्हणालं, कोटा, म्हणजे भाड्याने घेतलेली जागा, संपला. त्याने एक जुनी, बेवारस डिस्क उडवली. कोटा जसाच्या तसा! उडवलेली डिस्क सात दिवस कचरापेटीत राहणार आणि तोवर जागा अडवणार, असा नियम निघाला.

"म्हणजे भाडेकरू मेला तरी खोली सोडणार नाही!" त्याने कपाळावर हात मारला.

मग वाढीव कोट्याचा अर्ज. त्याला मंजुरी प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी फोनवरच्या अ‍ॅपमधून द्यायची. बाईंच्या फोनमध्ये अ‍ॅप उतरेचना.

"बाई, इथेही जागा नाहीये. हे व्हिडिओ काढू का?"

"नातवाने पहिलं पाऊल टाकलंय त्यात. हात लावशील तर खबरदार!"

"एका पावलाचे बेचाळीस व्हिडिओ?"

"प्रत्येकात तो वेगळ्या बाजूला पडतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. बाहेरचा आवाज चढला, तशा बाई उठल्या. "आण कागद. तपासणीच्या यंत्रांवर आकडे दिसतायत ना? मी हाताने लिहिते."

लिहिलेले कागद बाहेर गेले आणि तसेच परत आले. बाईंचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेलेली. ते लागायचं फक्त सिस्टिमवाल्याला. नऊ वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या वाचून त्याची नजर बसली होती. शेवटी दाराशी खुर्ची टाकून तो एकेकाच्या कानात रिपोर्ट वाचू लागला. तासाभरात घसा बसला.

"साखर एकशे दहा. काळजी नाही," तो एका आजोबांना घोगऱ्या आवाजात म्हणाला.

आजोबा खुलले. "इतकी वर्षं नुसता कागद हातात कोंबायचे. आज कुणीतरी धड सांगितलं. बाई, रोज असंच ठेवा हो!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मीही तोच विचार करतेय."

सिस्टिमवाल्याने रांगेकडे पाहिलं. ती आता जिन्यापर्यंत गेली होती.