मामींनी सोडवलेला उतारा

परीक्षेला मी आयुष्यात कधी घाबरलो नाही! आणि घाबरू तरी कशाला? गेली अकरा वर्षं मी परीक्षा घेणाऱ्याच्या बाजूला उभा आहे. छडी माझ्या हातात आणि उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानावर. सामान्यज्ञान म्हणाल, तर बेल्याच्या बसस्टँडवरच्या हॉटेलात मी भल्याभल्यांना गप्प केलंय. एकदा तर एका वकिलाला चहाचे पैसे देऊन उठून जावं लागलं होतं, माझेसुद्धा!

म्हणून साक्षरतेची मोहीम आली आणि गावातल्या तीस बायांना सहा महिन्यांत वाचायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी मंडल कचेरीत सगळ्यांसमोर छाती फुगवून म्हणालो, "सहा कायले? चार महिने लय झाले!"

आमचं गाव बेल्यापासून दोन कोसांवर. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आंध्र आणि मधे आम्ही. सरकार तेलुगू, शाळा मराठी, बाजारात हिंदी. मी त्या मराठी शाळेचा एकुलता एक गुरुजी, आणि गाव माझी सासुरवाडी. वर्गातल्या तीस बायांमध्ये माझ्या सासूबाईही होत्या. बयनाबाई त्यांचं नाव. मी त्यांना मामी म्हणतो, तेही दोन पावलं लांब उभा राहून.

पहिल्या दिवशी मी मुळाक्षरं लिहिली. दुसऱ्या दिवशी सोजरबाईने हात वर केला.

"गुरुजी, हे 'ण' कोनाच्या कामाचं हाय? आमाले तं जनमभर लागलं नाई!"

मी उत्तर शोधत घरी आलो आणि तिसऱ्या दिवसापासून वर्ग बायकोच्या हवाली केला. पंचफुला सातवी पास. रोज संध्याकाळी ती विहाराच्या ओट्यावर बाया घेऊन बसायची आणि मी सायकल काढून बेल्याला जायचो, देशाच्या परिस्थितीवर चर्चा करायला. अहवाल मात्र मीच पाठवत असे! पहिल्या महिन्यात दहा साक्षर, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीस. चौथ्यात एकतीस लिहिणार होतो, पण वेळेवर हात आवरला.

आणि एके दिवशी सकाळच्या बसच्या कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून बॉम्ब टाकला.

"गुरुजी, आदिलाबादहून तपासनीवाले निंगाले! अकरा वाजता तुमच्याकडे. काल एका गुरुजीचा अहवाल खोटा निंगाला, तं जागेवरच घरी बसवलं!"

बस गेली. माझे पाय मात्र तिथेच राहिले. अकरा वर्षांची नोकरी! घरात दुसरी कमाई नाही, वावर नाही. बाप लोकांच्या शेतात राबून मेला, त्याने मला या खुर्चीवर बसवलं होतं, आणि ती खुर्ची आता अकरा वाजता जाणार होती. मी धावत घरी आलो. पंचफुला भाकरी थापत होती.

"बायांना वाचता येते का नाई?"

"चार महिन्यांनी इचारून राह्यले?"

"येते का नाई ते सांग!"

"मले काय माहीत! तीस लिवले ना तुमी? मंग तुमालेच माहीत असन." आणि तिने भाकरी उलटली.

अकराला दहा कमी असताना जीप आली. साहेब काटकुळे, जाड चष्म्याचे. हैदराबादकडचे. तोंडात हैदराबादी हिंदी, बोललेली मराठी बऱ्यापैकी कळे, पण लिहिलेलं मात्र तेलुगू आणि इंग्रजीच. देवनागरीशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. विहाराच्या ओट्यावर बाया रांगेत बसल्या. पहिल्या रांगेत मामी, पाठ ताठ. मी फाईल छातीशी धरून खांबाला टेकलो, कारण खांब नसता तर आडवा झालो असतो.

"पैले सामान्यज्ञान," साहेब म्हणाले. "बोलो अम्मा, तुम कौनसे राज्य में रहते?"

सोजरबाई उठली. "साहेब, राशन आंध्राचं, सुना महाराष्ट्राच्या, अन् रेडिओ नागपूरचा. आता तुमीच हिशेब लावा!"

साहेबांनी काहीतरी लिहिलं.

"ये नदी किधर से निकलती?"

"कुठून निंगते ते नाई माहीत," देवकाबाई म्हणाली, "पन आमच्या वावरात घुसते ते पक्कं माहीत हाय!"

"पानी कब उबलता?"

"पावने आल्यावर!"

साहेब पुन्हा लिहू लागले. मनातल्या मनात मी पेटी भरायला घेतली. कोणत्या पेटीत काय ठेवायचं तेही ठरलं.

मग साहेबांनी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा सोडला, आणि काय सांगू! सगळ्या पत्रिका तेलुगूत! वरच्या कचेरीने डोळे मिटून तेलुगू गठ्ठा मराठी गावाला पाठवला होता. मी देव मानत नाही, नाहीतर तिथल्या तिथे नारळ फोडला असता!

"अरेरे! साहेब, मग आता परीक्षा कशी होणार?" मी जमेल तितक्या दुःखाने विचारलं.

"होती ना! क्यों नई होती? कोई बी मराठी कागद देव. पढ़ाएंगे, सवाल पूछेंगे."

मी पटकन साक्षरतेचं पुस्तक पुढे केलं. साहेब हसले. "ये तो उनको पाठ रैता. नया होना. वो फाइल में क्या है?"

"काही नाही साहेब!" मी फाईल आणखी घट्ट धरली.

आता त्या फायलीत काय होतं ते तुम्हाला सांगायलाच हवं. मला आदिलाबादला बदली हवी होती. तिथे सिनेमा आहे, हॉटेलं आहेत, आणि तिथे सासुरवाडी नाही. आमच्याकडे अर्ज करायची रीत अशी, की आपण मराठीत मसुदा लिहायचा आणि कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून तो तेलुगूत करून घ्यायचा. त्याने बजावून ठेवलं होतं, "गुरुजी, बदलीच्या अर्जात घरचं एक माणूस बीमार लागते. त्याच्याबिगर साहेब सही करत नाई." माझे आईबाप वारलेले, पोरं धडधाकट. राहिलं कोण? मी मामींना लकवा लावला! तो मसुदा फायलीत सगळ्यात वर होता.

"देव इधर," म्हणत साहेबांनी फाईल ओढली. मीही ओढली. त्यांचा संशय वाढला आणि जोरही वाढला. शेवटी नेमका तोच कागद त्यांच्या हातात गेला.

"बागुंदी!" साहेब खूश झाले. "एक पन्ना. अच्छी लिखाई. ये इच पढ़ाएंगे. गुरुजी, तुम दीवार को मुँह करके बैठो. इशारा नक्को!"

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर एक पाल होती. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

"चदुवम्मा!" साहेबांनी सोजरबाईला सांगितलं, म्हणजे वाच बाई.

मी डोळे मिटले. आता ही अडखळणार, आणि संपलं सगळं. आणि सोजरबाईने सुरुवात केली, "मेहेरबान साहेब यांचे सेवेशी. अर्जदार या गावी शिक्षक असून येथील हवापाणी अर्जदारास मानवत नाही." एका दमात! 'ण' सुद्धा 'ण' म्हणून!

वाचते! बाई वाचते! नोकरी वाचली! आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाबास पंचफुला! आणि मग, साधारण दोन श्वासांनंतर, पुढची ओळ कोणती आहे ते मला आठवलं.

आता मी उलटी प्रार्थना सुरू केली. नापास होऊ दे! कोणाचा चष्मा फुटू दे! कोणाची म्हैस सुटू दे!

जयवंताबाईचा खणखणीत आवाज आला. "येथील बाया मठ्ठ असून दगडाला पाझर फुटेल, पण यांना अक्षर..." आणि ती थांबली.

"क्यों रुके अम्मा? अक्षर नई लगता?"

"अक्षर लागते साहेब. अर्थ बी लागते. मनून तं थांबली."

तीस बायांची नजर मानेवर कशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. चैत्रातलं ऊन बरं!

आणि कागद मामींकडे गेला. बाकीच्या बाया भरभर वाचत होत्या, ते एका परीने बरं होतं. मामी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होत्या, ते आवाजावरूनच कळत होतं.

"अर्ज...दाराच्या... सासू...बाई... ल...क...व्या...ने... अंथ...रुणाला... खिळल्या... असून... त्यांचा... इलाज... आदिलाबाद... येथे... आहे. त्यांची... सेवा... रात्रं...दिवस... अर्जदारास... स्वतः... करावी... लागते."

तेवढ्यात पंचफुला चहा घेऊन आली होती. कपबश्या वाजल्या आणि एकदम थांबल्या, त्यावरून मला ते कळलं. मामींना हिंदी नीट कळत नाही, म्हणून साहेबांनी तिलाच दुभाषी केलं. माझ्या मरणात काहीच कमी राहायला नको होतं!

"पूछो, इसमें बीमार कौन है?"

"मा, बीमार कोन हाय यात?" पंचफुलाचा आवाज थंडगार.

"सासू," मामी म्हणाल्या.

"बीमारी क्या?"

"लकवा."

"कौनसे बाजू का?"

"ते लिवलं नाई. डावी धरा."

"उसकी सेवा कौन करता?"

"जवाई."

साहेबांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "सास की सेवा करने वाला दामाद! आजकल मिलता क्या? अब आखरी सवाल. ये आदमी कैसा है, तुम तुम्हारे दिमाग से बोलो."

हा तो क्षण. मामींनी बोट उचलून भिंतीकडे दाखवलं, की माझी नोकरी गेली. खोटा अर्ज, खोटा आजार आणि आजारी माणूस ताठ बसून तो अर्ज वाचतंय! पालसुद्धा हलेना.

"लय चांगला मानूस हाय साहेब," मामी सावकाश म्हणाल्या. "लिवलं हाय तसं करन तो. करन म्हनजे करनच."

"शाबास!" साहेब ओरडले. "पूरे पास! गुरुजी, ये किसका अर्ज है?"

"न... नमुना आहे साहेब," मी भिंतीकडून वळून म्हणालो.

"हो साहेब," सोजरबाई माझ्याकडे पाहत म्हणाली, "नमुनाच हाय."

जीप गेली. मला वाटलं, आता बाया तुटून पडणार. पण त्या पदर सारखे करून घरोघर निघून गेल्या. पंचफुलाने तो कागद नीट घडी घालून माझ्या फायलीत ठेवला आणि मला भाकरी वाढली. शिव्या दिल्या असत्या तर ती भाकरी घशाखाली उतरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खाट आली. चौघीजणी उचलून आणत होत्या आणि मामी मागून झपाझप चालत होत्या. खाट ओसरीत टेकली आणि मामी तिच्यावर आडव्या झाल्या.

"मामी, हे काय?"

"लकवा."

"मामी, चूक झाली माझी! पाया पडतो!"

"चूक कायची? सरकारचा कागद हाय. मी हिंडली-फिरली अन् कोनी पायलं, तं कागद खोटा पडन. तुमची नोकरी जाईन जवाईबापू! मी जिती असून तसं होऊ देईन काय? पानी द्या."

मी पाणी दिलं. मग चहा दिला. मग डाव्या पायाला तेल चोळलं. मग कळलं, की मामींची शेळीही लकव्यात मोडते. आणि दिवस कापूस वेचणीचे! अंथरुणाला खिळलेली बाई वेचणीला कशी जाणार? शाळा सुटली की मी कमरेला ओटी बांधून तिच्या जागी वावरात. शेजारच्या तासाला, म्हणजे कापसाच्या ओळीत, माझा वर्ग.

"गुरुजी, बोंडाले कोन्या हातानं धरते?" जयवंताबाईने विचारलं.

"उजव्या."

"चूक! आता सांगा, पाला चिकटला कापसाले तं काय करा लागते?"

मला येईना. तिने आणि देवकाबाईने एकमेकींकडे पाहिलं आणि मान हलवली. "शिकन हळूहळू," देवकाबाई म्हणाली. "दगडाले पाझर फुटते, मंग हे तं मानूस हाय."

नऊ दिवस! नवव्या दिवशी माझी बोटं बोंडांनी फाटलेली, कंबर वाकलेली, शेळीने माझा एक शर्ट खाल्लेला. मी फाईल आणली, तो मसुदा मामींच्या डोळ्यांसमोर धरला आणि त्याचे उभे-आडवे तुकडे केले.

"घ्या मामी! कागदच नाही उरला. आता बदली नको, काही नको. मी इथेच राहतो, वर्गही मीच घेतो. पण तुमचा लकवा गेला! उठा आता!"

मामी उठून बसल्या. मला हायसं वाटलं. त्यांनी उशीखाली हात घातला, आपली वही काढली आणि माझ्यापुढे उघडली. पानभर टपोरं अक्षर होतं. मेहेरबान साहेब यांचे सेवेशीपासून थेट बदली व्हावी हे विनंतीपर्यंत.

"पंचफुलानं जीप गेली त्याच सांजी शुद्धलेखनाले देला," मामी म्हणाल्या. "साऱ्या बायांच्या वहीत हाय."

गुरुजीची खोड वाईट. तशा अवस्थेतही मी ते पान वरपासून खालपर्यंत तपासलं. वेलांटीचीसुद्धा चूक नव्हती! तेव्हा वही मिटली, तेलाची वाटी घेतली आणि पायथ्याशी बसलो.

मामींनी या वेळी उजवा पाय पुढे केला.