मागल्या अंगणातील झाकणाची मोहीम

घरातून जे वाहून जाते ते सुखरूप जाते आहे तोवर त्याची याद कोणी राखीत नाही, आणि ज्या दिवशी ते माघारी फिरते त्या दिवशी थोरामोठ्यांचे तोरे उतरतात. याकरिता एका रविवारी सकाळी आठाचे सुमारास जो प्रसंग गुदरला, तो पुढल्या पिढ्यांस दाखला राहावा म्हणोन कलमबंद केला आहे. वाचणारांनी नाक धरोन वाचावे.

त्या घराचे धनी मोजणीदार. तीस वर्षे सरकारी चाकरीत लोकांच्या जमिनी मोजिल्या, भावाभावांचे बांध वीतभर सरकू दिले नाहीत, आणि बावीस सालांमागे स्वतःचे घर उठविले तेव्हा मागल्या अंगणातील सेप्टिक टँक खासे उन्हात उभे राहोन बांधवून घेतला. त्याचा अभिमान ऐसा की, पाहुण्यांस घर दाखविताना दिवाणखान्याआधी टँकची थोरवी सांगत.

त्या सकाळी मोजणीदारांच्या थोरल्या भगिनी आत्याबाई मुक्कामास असता संडासात दाखल जाहल्या आणि पाऊण मिनिटात किंकाळी फोडोन बाहेर आल्या. भांड्यातले पाणी उतरावयाचे सोडोन चढू लागले होते. मग शेजारची मोरी बुडबुडली, मग गनीम काळाकुट्ट होऊन उंबऱ्याशी भिडला, आणि आत्याबाईंचे कार्य आरंभापूर्वीच खोळंबले. शेजाऱ्यांकडे जाण्याची मसलत पुढे आली ती त्यांनी साफ धुडकाविली, आणि "मी थांबते," इतकेच बोलोन खुर्चीवर ताठ बसल्या. येणेप्रमाणे मोहिमेस मुदत पडली.

स्वयंपाकघरात खलबत बसले. त्यात मोजणीदार, त्यांचे कुटुंब नर्सबाई, ज्यांनी पस्तीस वर्षे दवाखान्याचा वॉर्ड एका नजरेवर चालविला, त्यांची लेक, आणि जावई, जे दाराची कडी उघडिली तरी हात धूत आणि सुगंधी ओल्या कागदांचे पाकीट सदैव खिशात बाळगीत. मैला उपसणाऱ्या टँकरवाल्यास निरोप गेला. त्याचा उलट जबाब आला की अकरास पोहोचतो, परंतु झाकण उघडून ठेवणे, शोधीत बसणार नाही.

मोजणीदारांनी फर्माविले की झाकण लिंबाच्या झाडापासून चार पावले पूर्वेस आहे. मग कुदळ चालली, आणि गुडघाभर खड्डा जाहला, आणि निघाले ते मांजराचे एक जुने हाड. मग हुकूम बदलोन पश्चिमेस मोर्चा वळला, आणि मग दक्षिणेस, आणि साडेनवापावेतो अंगणाची ऐसी दशा जाहली की घुशींची फौज उतरोन गेली म्हणावे. जावई रेनकोट, गमबूट, हातमोजे आणि पोहण्याचा चष्मा ऐशा चिलखतानिशी माती उपसत होते, आणि दर घमेल्यामागे एकवार आकाशाकडे पाहात होते.

चौथ्या खड्ड्याची जागा दाखविण्यास मोजणीदारांनी हात उचलिला, आणि तो हात हवेतच राहिला. चष्मा विसरणे, किल्ल्या विसरणे हे वर्षभर चालले होते, परंतु ते लपविता येत होते. हा विसर कुदळीगणिक उघडा पडत होता. ज्याने मुलखाच्या हद्दी राखिल्या, त्यास आपल्याच अंगणातले दोन फुटांचे झाकण सापडेना. नर्सबाईंनी लेकीस आणि जावयास पाणी पिण्याचे निमित्त करोन आत धाडिले आणि जवळ आल्या.

"आठवत नाही ना?"

"नकाशा होता. ठेवलाय कुठेतरी."

"अहो, मी नकाशाचं नाही विचारलं."

मोजणीदारांनी उचलिलेला हात खाली घेतला. "नाही आठवत," ते म्हणाले.

"बरं. मग बसा जरा. आता मी बघते."

येणेप्रमाणे मोहिमेची सरदारी बदलली. नर्सबाई पहार घेऊन फिरू लागल्या, तोच लेक बाहेर आली आणि बोलली, "आई, तुझे सगळे गुलाब मरतुकडे. मग हा एकटाच कसा काय एवढा माजलाय?" त्या गुलाबाच्या बुडाशी पहार हाणिली, आणि खाली ठण्ण वाजले. नर्सबाईंनी आपला लाडका गुलाब डोळ्याची पापणी न लववता उपटला.

झाकण सरकले आणि जो दर्प उसळला त्याने जावई तीन पावले मागे, आपल्याच खड्ड्यात चीत जाहले. टँकर तेवढ्यात दारी आला. मोजणीदार मात्र शिडी घेऊन पुढे सरसावले, कारण सकाळची बेअब्रू धुवोन काढण्याची ही संधी त्यांना दिसत होती. "मी बांधलाय, मीच उतरतो."

"खबरदार!" नर्सबाईंचा ऐसा आवाज त्या वॉर्डातून निवृत्त जाहल्यापासून कोणी ऐकिला नव्हता. "दोन भाऊ आणले होते माझ्या वॉर्डात. धाकटा टाकीत उतरला, थोरला त्याला काढायला उतरला. दोघांना एकाच गाडीतून आणलं. कुणी उतरायचं नाही, कुणी वाकून बघायचं नाही."

टँकरवाल्याने डोईवरची टोपी काढली. "बाई बरोबर बोलतायत. वीस वर्षांत मी एकदाही उतरलो नाही, म्हणून तर तुमच्या दारात उभा आहे."

मोजणीदारांनी शिडी भिंतीस टेकविली. मग वरूनच नळी सोडोन अर्ध्या तासात टँक रिता जाहला, तरी घरातला गनीम हटेना. सबब दोष टँकाआधीच्या पाइपात, ऐसा निवाडा होऊन तो उकरिला. सांधा लिंबाच्या मुळाने फोडिला होता, आणि त्या मुळास सुगंधी कागदांचा बोळा, नारळाएवढा, बिलगोन बसला होता. सर्वांच्या नजरा जावयाकडे वळल्या.

"त्यावर लिहिलेलं असतं, की फ्लश केला तरी चालतो," जावई पुटपुटले.

"लिहायला काय जातंय, जावईबापू!" मोजणीदार त्या दिवसात प्रथमच हसले. "असू दे. कागद तुमचे, झाड माझं. या, बसा इकडे."

मग सासरे-जावई गुडघ्यांवर बसोन कामास लागले. फुटका पाइप करवतीने कापिला, नवा बसविला, आणि उतार देण्याची वेळ आली तेव्हा मोजणीदारांनी जुनी पाणसळ मागविली आणि काचेतल्या बुडबुड्यावर नजर रोखिली. कोठे किती झुकवावे हे हातास ठाऊक होते, तेथे विसर पडला नव्हता. जावयाचे हातमोजे केव्हा गळोन पडले हे त्यांचे त्यांसही कळले नाही.

दीडाचे सुमारास आत्याबाईंस वर्दी दिली. त्या उठल्या आणि चालत गेल्या, धावल्या नाहीत, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. अवघे घर दाराबाहेर श्वास रोखोन उभे राहिले. बऱ्याच अवकाशाने आत गडगडाट जाहला, आणि मग दूर जाणारा खळखळाट, आणि मग शांतता. आत्याबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गेलं."

फत्ते जाहली. जखमी: जावई, अंगठ्यास, करवतीने. कामी आला: गुलाब एक. पळाला कोणी नाही. मोहिमेचा दप्तरी लेख मोजणीदारांनी त्याच सायंकाळी फूटपट्टीने नकाशा काढोन स्वहस्ते लिहिला आणि संडासाच्या दारास आतून डकविला, तो शब्दशः ऐसा:

"झाकण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून अकरा फूट, कुंपणापासून सहा. मी विसरलो होतो. पुन्हाही विसरेन. मला विचारू नका, इथे बघा."