समजासाहेब

माझ्या भाचीच्या लग्नात सुदामभाऊ राठोडांनी आहेराचं पाकीट देण्याआधी मंगल कार्यालयाचे दरवाजे मोजले. तीन निघाले. तिसऱ्याच्या तोंडाशी आइस्क्रीमवाल्याने आपलं टेबल आडवं लावलं होतं. राठोड थेट वधूपित्याकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "भाऊ, समजा, आग लागली. मंग एवढे लोकं कुठून जातीन?"

मंगलाष्टकं चालू होती. हा माणूस मी मुद्दाम आणला असावा, अशा नजरेने भावाने माझ्याकडे पाहिलं. पण टेबल हललं. राठोडांनी त्या दरवाजातून दोनदा आत-बाहेर करून पाहिलं आणि मगच ते जेवायला बसले. तेही टोकाच्या खुर्चीवर, दरवाजाला लागून.

'समजा' हा त्यांच्या तोंडचा कायमचा शब्द. समजा, पूल बुडाला. समजा, बस उलटली. समजा, एकाच वेळी चाळीस जखमी आले अन् लाइट गेली. ऑफिसात त्यांना सगळे समजासाहेब म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

यवतमाळच्या आमच्या कार्यालयात ते आपत्कालीन तयारीचं काम पाहतात. म्हणजे जिल्ह्यातले सरकारी दवाखाने, खासगी दवाखाने, रक्तपेढ्या, अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर आणि ऑक्सिजन पुरवणारे, या सगळ्यांची मोट बांधून ठेवायची. उद्या कुठे काही झालं तर कुणी कुणाला फोन करायचा, कोणता रुग्ण कुठे न्यायचा, हे आजच ठरलेलं असावं. काम असं, की नीट झालं तर कुणाला दिसत नाही. मी त्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी कारकुनी चालत आली, त्यामुळे माणसाची पारख मी त्याच्या टिपणीवरून करते. राठोडांची टिपणी कधी दीड ओळीच्या वर जात नाही. एवढ्यासाठी मी त्यांचं पुष्कळ खपवून घेते.

ते आर्णीकडच्या तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्याला ते लदेणी म्हणतात. "आमच्या आज्याच्या बापाले कोन्या वाटेवर पानी कुठं आहे, मुक्काम कुठं आहे, सारं पाठ होतं," ते सांगतात. "मी तेच करून राह्यलो, ताई. बैल गेले अन् सिलिंडर आले, एवढंच."

रोज साडेनऊला ते फोन घेऊन बसतात आणि एकेका दवाखान्याची हजेरी घेतात. खाटा किती रिकाम्या, रक्त किती, गाडीत डिझेल किती, रस्ता कसा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. शेवटच्या प्रश्नावर नवे डॉक्टर गडबडतात. रस्त्याचं आम्हाला काय विचारता, असं एकाने म्हटल्यावर राठोड म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमी कितीबी हुशार असा, नाल्याच्या त्या काठाच्या पेशंटले तुमचा काय उपेग?" मोबाइलमधल्या नकाशावर त्यांचा विश्वास नाही. कोणता नाला किती पावसाने चढतो आणि किती तासांनी उतरतो, हे त्यांच्या डोक्यात आहे.

दर वर्षी ते एक रंगीत तालीम घेतात. एकदा बस अपघाताची तालीम आपल्याच तांड्याजवळच्या रस्त्यावर ठेवली. गावकऱ्यांना जखमी करायचं, गळ्यात रंगीत चिठ्ठ्या अडकवायच्या. लाल म्हणजे गंभीर, पिवळा म्हणजे थांबू शकेल असा, हिरवा म्हणजे चालता-बोलता, आणि काळा म्हणजे गेलेला. लाल चिठ्ठीला आधी गाडी मिळते हे कळल्यावर बायकांनी लाल चिठ्ठीसाठी भांडण मांडलं. काळी कुणीच घेईना. शेवटी बळीरामबुवा नावाचे एक म्हातारे म्हणाले, "मले दे बाप्पा, नुसतं पडूनच तं राहाचं आहे." ते सावलीला निंबाखाली आडवे झाले आणि खरोखर झोपले.

तेवढ्यात त्यांचा साळा मोटरसायकलवरून आर्णीच्या बाजाराला निघाला होता. त्याने निंबाखाली मेहुणा पाहिला, गळ्यातली काळी चिठ्ठी पाहिली, भोवती उभे डॉक्टर पाहिले आणि तिथेच हंबरडा फोडला. पंचवीस मिनिटांत चार तांड्यांतले सोयरे जमले. एक जण तर बांबू घेऊनच आला. आमची तालमीतली पहिली गाडी पोचली ती चाळिसाव्या मिनिटाला. तोवर बळीरामबुवा रडण्याच्या आवाजाने उठून, कोण गेलं म्हणून विचारत होते.

राठोडांच्या आईने, तिला ते याडी म्हणतात, त्या दिवशी मुलाचा भर रस्त्यात उद्धार केला. आमचे साहेब संतापले. राठोड मात्र शांतपणे डायरीत लिहीत होते. मी डोकावून पाहिलं. "नातेवाईक गाडीच्या पंधरा मिनिटे आधी पोचतात. त्यांना आराखड्यात घ्यावे." त्या वर्षापासून जिल्ह्याच्या आराखड्यात प्रत्येक गावातल्या मोटरसायकलवाल्यांची यादी आहे.

तर असा हा माणूस. मी त्याला हसत आले. पण त्या सकाळच्या हजेरीत एक गोष्ट होती, ती कळायला मला बरेच दिवस लागले. झरी जामणीकडच्या एका दवाखान्याला ते नेहमी शेवटी फोन लावत आणि त्या वेळी खुर्ची खिडकीकडे वळवून बसत.

"सिस्टर, खाटा किती?"

"बारा. चार भरल्या."

"डिझेल?"

"फुल आहे."

"रस्ता कसा?"

"रस्ता ठीक आहे," पलीकडचा आवाज म्हणायचा. "पन लांब आहे."

त्यावर राठोड खिडकीबाहेर बघत राहत. मग "बरं," म्हणून फोन ठेवत. ती सिस्टर म्हणजे सुनंदा राठोड. त्यांची बायको.

नऊ वर्षं झाली, हे इथे आणि त्या तिथे. दोघांची लग्नानंतरची निम्मी वर्षं एसटीत गेली. शनिवारी साहेबांनी सोडलं, नाला उतरला असला आणि त्यांची ड्यूटी नसली, असं तिन्ही जुळलं तर रविवार हाताला लागतो. सरकारी फोनवर घरचं बोलायचं नाही, हा राठोडांचा नियम. मोबाइलला तिकडे रेंज नाही. म्हणून रोज सकाळी तीन प्रश्न आणि तीन उत्तरं, यात त्यांचा संसार चालायचा.

एकदा मी त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेले होते. स्वयंपाकाचा ओटा पाहून मला हसू आलं. इतका खाली, की पोळ्या लाटायला राठोडांना कमरेत दुमडावं लागत होतं. मी विचारलं, "हा बुटक्यांचा ओटा कुणी बांधला?"

"मीच घरमालकाले सांगून खाली करून घेतला," ते पोळी उलटत म्हणाले. "सुनंदाची उंची कमी आहे. समजा, ती आली. मंग तिले हात वर करून थोडीच लाटता येईन?"

ओटा खाली करून सात वर्षं झाली होती. कंबर धरून उभा राहिलेला तो माणूस पाहून मला आधी राग आला आणि मग फार वाईट वाटलं. वाईटाच्या खेरीज दुसरं काही 'समजा' म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

गेल्या वर्षी पती-पत्नी एकत्रीकरणाखालचा सुनंदावहिनींचा बदलीचा अर्ज अखेर हलला. यवतमाळला जागा होती. राठोडांनी नवा तवा आणला. हजेरीच्या फोनवर त्यांचा आवाज इतका मऊ झाला, की एका खासगी दवाखान्याच्या मॅनेजरने, साहेबांची तब्येत बरी आहे ना, म्हणून मला विचारलं.

आणि मग ती फाइल माझ्या टेबलावर आली. "सदर अधिपरिचारिकेस कार्यमुक्त केल्यास त्या भागातील आपत्कालीन सेवेवर परिणाम होईल किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा." आपत्कालीन अभिप्राय देणारं टेबल जिल्ह्यात एकच. राठोडांचं.

मी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेले आणि हळूच म्हणाले, "दोन दिवस रजा टाका. तुम्ही नातेवाईक आहात, तुम्ही लिहूच नये. मी हे शेजारच्या टेबलावरून फिरवून आणते."

"त्याले तिथला नाला माहीत नाही, ताई."

"म्हणून तर म्हणते."

ते हसले नाहीत. मलाही ठाऊक होतं ते काय विचार करताहेत. त्या पट्ट्यात कोलाम आदिवासींची कोलामी समजणारी सिस्टर एकटी सुनंदा. मागच्या पावसात नाला चढला, गाडी अडकली, तेव्हा साप चावलेल्या एका बाईला हिने दुपारपासून दिवे लागेपर्यंत हाताने हवेची पिशवी दाबून श्वास दिला होता. ती बाई जगली. तालमीत शिकलेलं खऱ्या माणसावर वापरणारी जिल्ह्यात तीच पहिली, असं राठोड सगळ्यांना सांगायचे. माझी बायको म्हणून नव्हे, आमची सिस्टर म्हणून.

जेवणाच्या सुट्टीपासून ते त्या एका टिपणीला बसले होते. पाचला त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "पर्यायी प्रशिक्षित कर्मचारी रुजू होईपर्यंत कार्यमुक्त करू नये." दीड ओळ.

"राठोड," मी म्हणाले, "तुम्ही माणूस आहात की परिपत्रक?"

"ताई, समजा..." ते म्हणाले. डबा उचलला आणि गेले.

मी रागारागाने त्यांच्या टेबलाखालची टोपली माझ्याकडे ओढली. कारकुनाला टाकलेल्या कागदाचं कुतूहल असतंच. तीन चोळामोळा केलेले कागद निघाले. मी ते सरळ केले, वाचले, आणि फाइलीला लावावेत असं त्यात काही नसूनही ते ड्रॉवरमध्ये ठेवले. बदली अर्थातच थांबली.

पुढच्या आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सुनंदावहिनी होत्या. पांढरकवड्याला औषधं न्यायला आल्या होत्या, तिथून कुणाचा तरी मोबाइल घेतला होता.

"ताई, त्यायनं काय लिहिलं?"

"त्यांनी सांगितलं नाही?"

"साहेबाकडं फाइल आहे म्हनते. पन आठ दिवस झाले, रस्ता कसा म्हून इचारतच नाहीत. म्हून समजलं मले."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी ती दीड ओळ वाचून दाखवली. पलीकडे बसस्टँडवरचा गलका ऐकू येत होता.

"बरोबर लिहिलं," त्या म्हणाल्या. "मी असती तं मीबी असंच लिहिलं असतं. तिथं माह्या मागं कोन आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन ताई, लिहिताना त्यायले एकदा तरी वाटलं का, का हे लिहू नये?"

मी ड्रॉवर उघडला.

"वहिनी, तीन कागद फेकले होते त्यांनी. माझ्याजवळ आहेत. तिसरा अर्धाच आहे. पहिल्या दोन्हींवर लिहिलंय, 'कार्यमुक्त करण्यास हरकत नाही.'"

"सही आहे?"

"दोन्हींवर."

"पुरी सही, का नुसतं सु. रा.?"

"पुरी. तारखेसकट."

त्या रडत असाव्यात, किंवा हसतही असतील. फोनवर मला नीट कळलं नाही. मग नाक ओढून म्हणाल्या, "त्यातला एक मले पाठवता का?"

गुरुवारी औषधांची गाडी झरीकडे जाते. मी त्यातला पहिला कागद टेबलाच्या काचेखाली दोन दिवस दाबून सरळ केला आणि पाकिटात घालून ड्रायव्हरच्या हाती दिला. सरकारी पाकिटात खासगी कागद घालायचं पाप मी उभ्या नोकरीत केलं नव्हतं. वर काय लिहावं ते सुचेना. शेवटी लाल शाईने लिहिलं, 'गोपनीय.'