सात नंबरची तक्रार

अरुण गोखल्यांनी आयुष्यात कधी निवडणूक लढवली नव्हती. (सोसायटीचा सेक्रेटरी व्हा म्हटल्यावर ते थेट गल्फला निघून आले होते.) पण सत्त्याण्णव साली फुजैराच्या ऑइल टर्मिनलच्या कॉलनीत मॅनेजर हॅरिससाहेबांनी टूम काढली. त्यांच्या इंग्लंडातल्या गावी म्हणे दरसाल गंमत म्हणून लुटुपुटूचा महापौर निवडतात. आपणही निवडू!

"उभे राहा हो," बायको विद्युल्लता म्हणाली, "तेवढेच सोफ्यावरून उठाल."

अरुणराव एकमताने निवडून आले. गावातल्या सर्वांत बिनकामाच्या माणसालाच ही गादी मिळते, हे साहेबांनी बाटल्यांच्या बुचांचा हार घातल्यावर सांगितलं. झगा लाल टेबलक्लॉथचा. आता महापौरांनी प्रत्येक दार ठोठावून तक्रार विचारायची. एकही दार सोडलं, तर अपशकुन.

शुक्रवारची दुपार. डोंगराकडून धुळीचं वारं सुटलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी सात नंबर उरला.

"वो बंद है, साब," सोबतचा वॉचमन यूनुस थबकला. "कप्तान सावंत समंदर पे गया, लौटा नहीं. फिर मेमसाब भी... खलास." तो पुढे येईना.

दाराला गंजलेलं कुलूप. अरुणरावांनी नावापुरतं ठोठावलं. वारा एकदम पडला.

"कोण?" आतून बाईचा आवाज. मराठीत.

"म... महापौर. काही तक्रार?"

"आहे. नवऱ्याची. हाक मारली की 'आलो' म्हणायचा. शेवटचंही तेच म्हणाला. अजून आला नाही." आवाज दाराच्या अगदी जवळ आला. "जरा आत येता?"

"आलो!" अरुणराव सवयीने म्हणाले, आणि झगा सावरत उलट्या दिशेने पळत सुटले.

मागून कुणीतरी हळूच हसलं. "हाही तसलाच."

घरी पोचल्यावर त्यांनी कडी घातली, पंखा फुल केला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. विद्युल्लतेने शांतपणे ऐकून घेतलं. मग थर्मासात चहा भरला आणि चपला घातल्या.

"अगं, वेड लागलंय का? कुलूप आहे तिथे!"

ती परतली तेव्हा संध्याकाळची, मगरीबची अजान होऊन गेली होती. थर्मास रिकामा, हात बर्फासारखे गार. चेहरा मात्र माहेरून आल्यासारखा.

"काय... काय आहे गं तिथे?"

"चांगली आहे हो बाई. खूप गप्पा झाल्या. विषय बहुतेक तुमचाच." विद्युल्लता हसली. "शेवटी मला म्हणाली, 'कमाल आहे तुमची! तुमच्या जागी मी असते ना, तर केव्हाच मेले असते.'"