उकललेला राक्षस

प्रोजेक्टर चालवणारे चंपतराव नऊ वर्षांपासून हंगामी होते. त्यांना कायम करायचं की नाही, हे रामदासपेठेतल्या सरकारी प्रचार-कचेरीचे मोठे साहेब आज विणकरांच्या मोहल्ल्यातला खेळ पाहून ठरवणार होते. पण खेळ आटोपला तरी साहेबांचा पत्ता नव्हता.

फिल्म कार्टूनची, मुकी होती. एक साधा माणूस आधी एक झाड खातो, मग जंगल खातो, नदी पितो, फुगत फुगत राक्षस होतो आणि शेवटी ओसाड माळावर स्वतःचीच बोटं चघळत बसतो. हाव धरली की असं होतं, एवढाच संदेश. मोहल्ला पार सुन्न झाला होता.

खेळ संपला की दिवा मालवायचा आणि मशीन उलटं चालवून रीळ गुंडाळायचं, ही चंपतरावांची रीत. त्यांनी खटका उलटा केला आणि नेमकी तेव्हाच साहेबांची जीप भोंगा वाजवत चौकात शिरली. त्या धांदलीत दिवा मालवायचा राहून गेला.

पडद्यावर राक्षसानं तोंडातली बोटं काढली. मग त्याच्या तोंडून नदी निघाली आणि पात्रात जाऊन बसली. मग एक साग, मग दुसरा, मग अख्खं जंगल. पाखरं पाठमोरी उडत येऊन फांद्यांवर टेकली. चंपतरावांचा हात खटक्यापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. ही फिल्म त्यांनी शेकडो वेळा अंधारात गुंडाळली होती. तिच्यात एवढं काही असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

साहेबही आ वासून बघत होते. त्यांनी ही फिल्म फक्त कागदावर मंजूर केलेली. ती असतेच अशी, असं त्यांना वाटलं. राक्षसाचा पुन्हा साधा माणूस झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय शिकलात यातून?"

म्हातारी मैनाबाई उठली.

"मागावर चूक झाली का आमी तिथपावतर उकलतो, सायेब. यानं बी उकललं. लय बेस वाटलं मले."

साहेब खूश झाले. अगदी बरोबर ओळखलंत, म्हणाले.

"मंग तुमची जीप उभी हाये ना, तिथं निंब होता," मैनाबाई शांतपणे म्हणाली. "मागच्या साली तुमच्याच मानसाईनं तोडला, पडदा दिसत नाही म्हनून. तो कधी उकलून राहिले तुमी?"

साऱ्या मोहल्ल्यानं मघाशी राक्षसाकडे बघितलं तसं, डोळे विस्फारून आणि मोठ्या आशेनं, साहेबांकडे बघितलं.

चार दिवसांनी चंपतरावांना कायम केल्याचा हुकूम आला. खाली साहेबांचा शेरा होता: फिल्म अत्युत्तम. मौद्यापासून पारशिवनीपर्यंत सर्वत्र अशीच दाखवावी. मात्र नंतर लोकांना काही विचारू नये.