नारूभाऊंच्या कमानी

गाडी दिसली की नारूभाऊ आधी तिचं नाक दाबायचे. मालकाला नमस्कार नंतर.

गाडी कोणाचीही असो. बॉनेटवर दोन्ही पंजे ठेवून सगळं अंग टाकायचे, झटकन सोडायचे आणि ती किती वेळा हलते ते मोजायचे. एकदा हलून थांबली तर ‘शहाणी हाय.’ दोनदा हलली तर ‘चालंल.’ तीनदा हलली तर मालकाकडे असं बघायचे, जणू त्याच्या घरात कोणीतरी अत्यवस्थ आहे.

सफाळ्याला एका लग्नात नवऱ्यामुलासाठी मुंबईहून भाड्याची मोटार आली होती. नारूभाऊंनी भर वाजंत्रीत तिचं नाक दाबलं. ‘चार!’ ते ओरडले. ‘नवरी सुखानं घरी पोचायची नाय!’ नवरी पोचली, पण वाटेत दोनदा मोटार थांबवून तिला उतरवावं लागलं. वरपक्ष पुढं वर्षभर नारूभाऊंच्या जिभेला दोष देत होता.

मी तेव्हा माकुणसारच्या शाळेत मास्तर होतो. तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. नारूभाऊ राऊत माझे शेजारी. त्यांच्याकडे लढाईच्या काळातली, लष्करानं लिलावात काढलेली एक पिकअप होती. विड्याच्या पानांच्या पाट्या बागांतून स्टेशनावर पोचवायचा त्यांचा धंदा. पानांना धक्क्यांचं काही नसतं. पण नारूभाऊंना होतं.

‘पुढच्या कमानी बघा, मास्तर,’ ते मला गाडीखाली वाकायला लावून चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा दाखवायचे. ‘आखूड, जाड, नऊ-नऊ पाटे. ह्या तोफा ओढायला केल्यात. माणसाला बसवायला नाय केल्या.’

‘मग हळू चालवा,’ मी म्हणालो.

‘हळू?’ ते असे दचकले, जणू मी शिवी दिली. ‘हळू जायला बैल हायत की!’

एवढं बोलून ते थांबले असते तर ते नारूभाऊ कसले? पालघरला भंगारात निघालेल्या एका बसच्या लांब, पातळ कमानी त्यांनी मिळवल्या. जुन्या कमानी उतरवल्या. नव्या कमानी लांब, म्हणून चासीवरचे आधार कापून पुढं सरकवले. मग कुठल्याशा लॉरीचे शॉकअप आणून एकेका चाकाला दोन-दोन लावले. महिनाभर पिकअप अंगणात विटांवर उभी आणि पानं बैलगाडीतून स्टेशनावर, अशी उलटी गंगा वाहत होती.

गाडी विटांवरून उतरली तेव्हा तिचं नाक वीतभर वर गेलं होतं. गावानं लगेच म्हटलं, ‘नारूची गाडी चांदणं बघत चालते.’ पहिल्या दिवशी ती होडीसारखी डोलली. तिसऱ्या दिवशी वळणावर एक पाटा तुटला आणि गाडी थेट चौधरींच्या पानमळ्यात शिरली. चौधरी काठी घेऊन धावत आले. नारूभाऊ स्टिअरिंगला धरून शांत बसले होते. म्हणाले, ‘चौधरी, तुमचा बांध ओलांडला तवा पोटातलं पाणी हाललं नाय. कमान मोडली, ते येगळं.’

सगळ्यांनी त्यांना समजावलं. सरपंचांनी सांगितलं की रस्त्याचा अर्ज वर गेला आहे, दोन वर्षांत रस्ता होईल. ‘रस्ता सरकार सुधारील तवा सुधारील,’ नारूभाऊ म्हणाले. ‘माझी गाडी सरकारच्या हातात नाय.’

त्यानंतर त्यांनी माझा छळ सुरू केला. ड्रायव्हरशेजारची सीट काढून तिथं त्यांनी एक आरामखुर्ची पक्की ठोकली, तिच्यावर दोन गोधड्या घातल्या आणि शाळा सुटली की मला तिच्यात निजवायला लागले.

‘मीच का?’

‘तुमचं वजन बरोबर हाय. आन तुमी शिकलेले. कुठं दुखलं ते नीट सांगाल.’

मग आम्ही कापलेल्या भातशेतांतून, बांधांवरून, ओहोळांतून उधळायचो. मी डोळे गच्च मिटून घ्यायचो. गाडी थांबली की त्यांचा एकच प्रश्न, ‘कंबरेत कळ आली?’ आली म्हटलं की ते तिथंच गाडीखाली शिरायचे. एक पाटा कमी करायचे, एक वाढवायचे. मागच्या कमानी मात्र होत्या तशाच. मी विचारलं तर म्हणाले, ‘मागं पाट्या बसतात. पाट्यांना मणका नसतो.’

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

पालघरच्या बाजारात एक दिवस त्यांनी बांधकामावरच्या एका इंजिनियरसाहेबांच्या नव्या कोऱ्या जीपचं नाक दाबलं. साहेब जीपमध्ये बसून चहा पीत होते. चहा सदऱ्यावर सांडला.

‘हा काय प्रकार आहे?’

‘अडीच वेळा,’ नारूभाऊ म्हणाले. ‘नव्या गाडीला शोभत नाय, सायेब.’

साहेब उतरले, पिकअपभोवती फिरले, खाली वाकून बघितलं. माणूस जाणता होता. ‘अहो, हे सगळं तुटेल. जोरात गेलात तर उलटाल.’

‘मग या की माझ्यासंगती जोरात.’

पुढच्या रविवारी कोळगावच्या माळावर अर्धं पालघर जमलं. आंब्यापासून पलीकडच्या विहिरीपर्यंत जायचं. मधे रस्ता नाही, सात बांध आणि एक सुका ओहोळ. साहेब एकटे. आमच्या गाडीत मी, आरामखुर्चीत आडवा. लोक मला बघून हसत होते.

पहिले दोन बांध जीप पुढं होती. तिसऱ्या बांधावर ती उडाली, साहेबांची टोपी एकीकडे आणि साहेब दुसरीकडे. खाली आदळून जीप ओहोळात नाक खुपसून बंद पडली. साहेब धडधाकट उठून उभे राहिले. आमची पिकअप बांध चढायची, क्षणभर तरंगायची आणि मांजर उतरावं तशी खाली उतरायची. विहिरीपाशी पोचलो तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. नारूभाऊंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘कंबरेत कळ?’

‘नाही.’

‘मानेत? खरं सांगा, मास्तर. देवाची आण.’

‘नाही हो. खरंच नाही.’

त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग म्हणाले, ‘उद्या संध्याकाळी घरी या. घरातलीला उचलायला हात लागंल.’

घरातली म्हणजे सुमतीवहिनी. मणक्याच्या दुखण्यानं चार वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. गावात कोणाला हे ठाऊक नव्हतं? मी तर शेजारी, दर गुरुवारी खिडकीतून त्यांना वर्तमानपत्र द्यायचो. पण वहिनी आणि त्या कमानी एकत्र जोडून बघायचं माझ्या शिकलेल्या डोक्याला सुचलं नव्हतं.

‘डॉक्टरांनी परवानगी दिली?’ मी विचारलं.

‘धक्का नको म्हणाले. बैलगाडीतनं हळूहळू फिरवा म्हणाले.’ त्यांचा आवाज चढला. ‘हळूहळू काय फिरवा? ती काय मेलीय? लग्न झालं तवा ह्याच गाडीत माझ्याशेजारी बसून मला म्हणायची, येवढाच दम हाय तुमच्यात? तिला वेग आवडतो, मास्तर. तिला मी हळूहळू नाय फिरवणार.’

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर नारूभाऊ, त्यांची बहीण आणि मी, आम्ही वहिनींना आरामखुर्चीत ठेवलं. मी पाट्यांच्या जागी मागं बसलो. तिथल्या कमानींबद्दल मी काही बोलणार नाही. शेतं, बांध, सुरूची झाडं ओलांडून गाडी केळव्याच्या किनाऱ्यावर आली. ओहोटी होती. तिथं मी उतरलो.

गाडी सुटली. वाळूतले ओघळ, खाचखळगे काहीच न जुमानता ती पार टोकाला ठिपक्याएवढी झाली, वळली आणि समोरून आली तेव्हा वहिनींचं हसणं इंजिनाच्या आवाजाच्याही वर ऐकू येत होतं. चार वर्षांत मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या. माझ्याजवळ गाडी थांबली. वहिनींचे केस सगळे मोकळे सुटलेले, तोंडावर वाळू.

नारूभाऊ उतरले आणि पाना घेऊन पुढच्या चाकाशी गाडीखाली शिरले. बराच वेळ झाला. मी वाकून पाहिलं. कमानी जागच्या जागी होत्या. पाना वाळूत पडला होता. उताणे पडून ते तेलकट फडक्यानं डोळे पुसत होते आणि सगळा चेहरा काळा झाला होता.

‘मास्तर,’ वरून वहिनींनी विचारलं, ‘काय करतायत ते?’

‘नट आवळतायत, वहिनी.’

त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, ‘आवळू द्या. भरतीला अजून येळ हाय.’