बाळूअण्णांची कायाक

बाळूअण्णा होडीत उलटे बसतात.

होडी दोन माणसांची, नारिंगी प्लास्टिकची. पुढच्या जागेवर अण्णा, मागच्या जागेवर आपण. पण अण्णांचं तोंड आपल्याकडे असतं. म्हणजे नदी आपल्याला दिसते आणि वल्हं त्यांच्या हातात. ते ‘उजवीकडं बघा’ म्हणाले की त्यांच्या उजवीकडे बघायचं की आपल्या, हे ठरेपर्यंत खंड्या उडून गेलेला असतो. विचारावं, तर म्हणतात, “तुमच्याच उजवीकडं गुरुजी, पर उलटं.”

अण्णा आमच्या गल्लीत राहतात. नोकरीभर बस चालवली, बेळगाव ते कोल्हापूर. डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये, दोन भाषांत. “पाठीमागं प्याशिंजर काय काय बोलायचं,” अण्णा म्हणतात, “आन मी नुसता आरशात बघायचा. आता समोरासमोर बोलणार.”

ही होडी त्यांच्या जावयाने आणली. तो बेळगावजवळ मच्छेला कारखान्यात आहे. गोव्याला गेला होता, तिथल्या कुणा हॉटेलवाल्याने टाकायला काढलेली कयाक टेम्पोवर बांधून घेऊन आला. अण्णा तिला कायाक म्हणतात. मराठीतलं ‘काय’ आणि कन्नडमधलं ‘याक’, म्हणजे ‘का’. ती बघून गल्लीत ज्याने त्याने हेच दोन प्रश्न विचारले होते, त्यामुळे नाव कुणाला खटकलं नाही.

मी निपाणीत एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. म्हणून अण्णांनी पहिल्या फेरीला मला नेलं. कोगनोळीच्या अलीकडे दूधगंगेवर बंधारा आहे, त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून अगदी संथ असतं. इतकं संथ, की नदी कुठल्या दिशेला वाहते हेच कळत नाही. काठाला ऊस, बाभळीवर सुगरणींची घरटी, मधे मधे मोटारींचे पाईप पाण्यात उतरलेले. “इतिहास चुकला तर सांगा,” अण्णा म्हणाले.

पाण्यात एका ठिकाणी दोन दगडी खांब उभे आहेत. पहिल्या फेरीत अण्णा म्हणाले, इथं राणी अंघोळीला यायची. कोण राणी ते सांगितलं नाही. दुसऱ्या फेरीत तिथे संस्थानाचा जकात नाका निघाला. तिसऱ्या फेरीत त्या खांबांना त्यांच्या मामांच्या म्हशी बांधल्या जात.

“अण्णा, नक्की काय होतं?”

“तिन्ही. एकामागनं एक.”

मी घरी जाऊन कपाटातली पुस्तकं चाळली. त्या खांबांबद्दल कुणी अवाक्षर लिहिलेलं नाही. तेव्हापासून मी वर्गात या भागाचा धडा आला की जरा पुटपुटतच पुढे जातो.

सीमेचाही असाच घोळ. निघताना ते सांगतात, हा काठ कर्नाटक, तो महाराष्ट्र. मग नदी एक वळण घेते, होडी स्वतःभोवती दोन गिरक्या घेते, आणि कुठला काठ कुठला ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. एकदा मी समोरचा बगळा दाखवून विचारलं, हा कुठला म्हणायचा? अण्णांनी मागे वळून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. “झोपायला तिकडं, खायाला हिकडं,” म्हणाले. “माझ्या निम्म्या पावण्यांचं तसंच हाय.”

मगरीचं प्रकरण तर मला अजून उमगलेलं नाही. एका सकाळी अण्णांनी बोट ओठांवर ठेवलं. “हलू नका. मगर.” आम्ही दोघं श्वास धरून बसलो. ती कडेने हळूहळू आमच्याकडे सरकत आली. जवळ आल्यावर बघतो, तर ट्रॅक्टरचं टायर. पुढच्या रविवारी तसंच काहीतरी दिसलं. या खेपेला मी धीटपणे म्हणालो, “अण्णा, टायर.” ते म्हणाले, “व्हय, टायरच.” आणि आमच्या देखत ते टायर आपण होऊन पाण्याखाली गेलं. त्या दिवशी आम्ही फार लवकर परतलो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र आम्ही खरोखर चुकलो, असं मला वाटलं. वारा होता. मी डावीकडे म्हणत होतो, अण्णा उजवीकडे वल्हं मारत होते, आणि आम्ही जलपर्णीत जाऊन रुतलो. तासभर वल्ह्याने ढोसून बाहेर पडलो, तेव्हा समोर अनोळखी घाट होता. पायऱ्यांवर एक बाई धुणं धूत होती. तिच्या शेजारी एक म्हातारी गुडघ्यांभोवती हात बांधून पाण्याकडे बघत बसली होती.

“अण्णा, रस्ता चुकला,” मी म्हणालो.

“न्हाई. हितं स्टॉप हाय.”

त्यांनी होडी पायरीला लावली. धुणं धुणाऱ्या बाईने पदर सावरला. “आलासा व्हय मामा,” ती म्हणाली. अण्णांनी नुसती मान हलवली आणि म्हातारीच्या खालच्या पायरीवर बसले.

“नावाड्या, लई उशीर केलास रं,” म्हातारी म्हणाली.

“व्हय आक्का. वाऱ्यानं उशीर झाला.”

मी गोंधळून धुणाऱ्या बाईकडे पाहिलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, “माझ्या सासूबाई. मामांच्या सख्ख्या थोरल्या भन. त्यांनीच मामांना वाढवलंय, आई न्हवती न्हवं. आता कुणाला वळखत न्हाईत. मामा मोटारसायकलवरनं आलं, तर चोर आला म्हणून दार लावून घेतलं. पयल्यांदा होडीतनं आलं तवा मातर जवळ बसवून घेतलं. पूर्वी हितं नाव चालायची, त्यातला नावाडी वाटतोय त्यांना.”

म्हातारीने मागे ठेवलेली पेरूंची पिशवी पुढे ओढली. “निपाणीला जातोस न्हवं? आमचा बाळू असतोय तिथं. गाडीवर डायव्हर हाय. त्येला दे.”

“देतो.”

“आन सांग, आक्कानं बोलावलंय म्हणावं. एकदा येऊन जा.”

“सांगतो.”

अण्णांनी पायरीवरचा एक खडा पाण्यात टाकला. मग पाण्याकडे बघत म्हणाले, “आक्का, त्यो आला तर वळखशील न्हवं?”

म्हातारीला राग आला. “माझा भाऊ हाय त्यो. न वळखायला काय झालं?”

“सहज इचारलं.”

तिने पिशवीच्या तोंडाला आपल्या हाताने घट्ट गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि अण्णांच्या हातात दिली. “वाटंत खाऊ नकोस,” म्हणाली. “बाळूचं हाईत.”

परतीच्या वाटेला ऊन चढलं होतं आणि मला सडकून भूक लागली होती. पिशवी अण्णांच्या मांडीवर होती. पेरूंचा वास येत होता. त्यांनी गाठ सोडली नाही, आणि मीही मागितला नाही.